शाहूपुरी (कोल्हापूर)

शाहूपुरी : कोल्हापूर शहरातील व्यापारी उपनगर. राजर्षी शाहू महाराजांनी 1895 मध्ये गुळाची बाजारपेठ म्हणून ते वसवले. जुने शहर आणि रेल्वे स्थानक यांच्या दरम्यान, जयंती नाल्याच्या पूर्वेला ही वस्ती आहे. (साताऱ्यातही शाहूपुरी नावाचे उपनगर आहे. ही नोंद कोल्हापूरच्या शाहूपुरीची.)

कोल्हापूरच्या जुन्या पेठा अंबाबाईच्या देवळाभोवती, तटबंदीच्या आत दाटीने वाढल्या. तट गेला, तरी गंगावेस, रंकाळावेस ही नावे टिकून आहेत. पंचगंगा, भोगावती, कासारी या नद्यांच्या काठच्या उसाचा गूळ बैलगाड्यांतून यायचा. पण त्याचे ढीग उतरवायचे, तोलायचे आणि लगोलग परगावी धाडायचे, एवढी ऐसपैस जागा गावात नव्हती. कोल्हापूर ते मिरज रेल्वे 1891 मध्ये सुरू झाली आणि माल बाहेर पाठवण्याची मोठी अडचण दूर झाली. शाहू महाराजांनी 1894 मध्ये राज्यकारभार हाती घेतला आणि दुसऱ्याच वर्षी स्थानकाजवळच्या मोकळ्या जमिनीवर ही पेठ वसवायला घेतली. त्या काळी गावाची वेस ओलांडून दुकान थाटणे म्हणजे धाडसच. बाहेरून व्यापारी यावेत म्हणून दरबाराने त्यांना सवलती दिल्या. गुजराती, मारवाडी, जैन, लिंगायत व्यापारी आले, त्यांच्यापाठोपाठ हमाल, तोलाईदार, गाडीवान आले.

शाहूपुरीला जुन्या पेठांच्या यादीत आणखी एक नाव म्हणून बसवले जाते, ते बरोबर नाही. जुन्या पेठांत आधी घरे झाली, मग दुकाने. इथे आधी बाजार ठरला आणि बाजारासाठी माणसे राहायला आली. सरळ रस्ते, त्यांना काटकोनात मिळणाऱ्या गल्ल्या आणि पहिली, दुसरी, तिसरी असे गल्ल्यांचे क्रमांक यांत ते अजून दिसते. ‘व्यापारी पेठ’ आणि ‘गवत मंडई’ ही इथली ठिकाणांची नावेही त्याच काळाची साक्ष देतात. शेकड्यांनी बैल येणाऱ्या बाजाराला वैरणीची मंडई हवीच.

या बाजाराचा प्राण म्हणजे गुळाचा रवा. गुऱ्हाळात काहिलीतला (मोठ्या कढईतला) पाक गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, आपल्या अंदाजाने उतरवतो. तो वाफ्यात (गूळ निववायच्या उथळ हौदात) ओतून घोटतात आणि कापड घातलेल्या साच्यात भरतात. निघालेली घट्ट ढेप म्हणजे रवा. तीस किलोचा रवा ही कोल्हापूरची ओळख. अडत्याच्या दारात रवे मांडले की खरेदीदार कोपऱ्याचा खडा फोडतो, उजेडात धरून रंग पाहतो, जिभेवर ठेवतो आणि मगच भाव बोलतो. रात्रभर काहिलीपाशी जागलेल्या शेतकऱ्याची वर्षभराची मेहनत त्या एका खड्यावर तोलली जाते. इथल्या गुळाला गुजरातेत मोठी मागणी राहिली. 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले.

राधानगरी धरणाचे काम महाराजांनीच हाती घेतले होते. पाणी आले तसा ऊस वाढला, आणि आवक पेठेला पेलेना. स्वातंत्र्यानंतर बाजार समितीच्या व्यवस्थेत गुळाचे सौदे शहराबाहेरच्या शाहू मार्केट यार्डात गेले. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे आता तिथेच निघतात. पेठेची आर्थिक नाडी गूळच होती, तरीही गूळ गेल्यावर पेठ ओस पडली नाही, ही शाहूपुरीची खरी कमाई. रेल्वे स्थानक आणि मध्यवर्ती बसस्थानक जवळ असल्याने परगावचे गिऱ्हाईक पायी येऊ शकते. वखारींच्या जागी लॉज, खानावळी, बँका, मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने उभी राहिली. स्टेशन रोड आणि व्हीनस कॉर्नर हा भाग शहराच्या वर्दळीचा झाला.

जयंती नाला ही या भागाची दुखरी बाजू. पंचगंगेला पूर आला की नाल्याचे पाणी तुंबते आणि मागे सरून वस्तीत शिरते. 2019 आणि 2021 च्या महापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी होते. गणपतीच्या मूर्ती तेव्हा अर्ध्या घडलेल्या असतात. ओल्या मूर्ती हातांवर तोलत उंचावरच्या जागी न्यायच्या, ज्या हलवता येत नाहीत त्या पाण्यात सोडायच्या. पाणी ओसरले की कुंभार गाळ काढतात आणि पुन्हा कामाला बसतात. चतुर्थीच्या सकाळी याच गल्लीतून डोक्यावर टोपी आणि हातात पाट घेतलेली माणसे घरचा गणपती घेऊन निघतात.