कलोपचार

कलोपचार : चित्र, शिल्प, संगीत इत्यादी कलांच्या प्रत्यक्ष निर्मितीतून मानसिक वा शारीरिक स्वास्थ्यास साहाय्य करणारी उपचारपद्धती. छंद म्हणून जोपासलेल्या कलेने मन रमते, हे सर्वपरिचितच आहे. कलोपचारात त्याला प्रशिक्षित उपचारकाची सोबत आणि नियमित सत्रांची शिस्त यांची जोड मिळते. संगीतोपचार ही आज स्वतंत्र शाखा मानली जाते.

उगम : या परंपरेचे मूळ ॲरिस्टॉटलच्या ‘कॅथार्सिस’ (शोकांतिका पाहताना होणारा भावनांचा निचरा) या संज्ञेत शोधण्याचा प्रघात आहे. जर्मन भाषापंडित याकोप बेर्नाइस यांनी १८५७ मध्ये या संज्ञेच्या विरेचन या वैद्यकीय अर्थावर भर दिला. मात्र तेथे विचार प्रेक्षकाचा व श्रोत्याचा आहे, तर कलोपचारात तो निर्मिती करणाऱ्याचा असतो. त्यामुळे हे नाते दूरचेच म्हणावे लागेल. जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स प्रिंझहॉर्न यांनी मनोरुग्णांच्या चित्रांवरील आपला ग्रंथ १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचा रोख उपचारापेक्षा अभिव्यक्तीच्या मूळ प्रेरणांकडे होता.

‘आर्ट थेरपी’ ही संज्ञा सामान्यतः ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांची मानली जाते. क्षयावर उपचार घेत असताना, १९३८ च्या सुमारास, त्यांनी अंथरुणावरच चित्रे काढण्यास आरंभ केला व पुढे सहरुग्णांनाही शिकवले. संज्ञेचे वर्ष बहुधा १९४२ दिले जाते. अमेरिकेत याच दशकात मार्गारेट नॉमबर्ग यांनी मनोविश्लेषणाच्या आधारे स्वतंत्रपणे काम सुरू केले. त्यांच्या मते चित्र ही अबोध मनाची भाषा असून तिचा अर्थ रुग्णाने स्वतः उलगडायचा असतो. चित्रकार व कलोपचारक ईडिथ क्रेमर यांनी याउलट निर्मितीची प्रक्रियाच उपचारक मानली.

क्रेमर यांच्या गुरू फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांनी चेकोस्लोव्हाकियातील तेरेझिनच्या नाझी छळछावणीत मुलांना चित्रकला शिकवली. १९४४ मध्ये आउशवित्झला नेऊन त्यांची हत्या करण्यात आली. मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रे त्यांनी दोन पेट्यांत मागे ठेवली होती. ही चित्रे पाहिली की क्रेमर यांची भूमिका अधिक ग्राह्य वाटते : अर्थ सांगायला कोणी उरले नाही, तरी ती काढताना मुलांना काही काळ स्वतःचे जग मिळाले होते.

प्रेरणा व तंत्र : ‘काय काढू ?’ हा रुग्णाचा पहिला अडसर असतो. नॉमबर्ग यांच्या भगिनी फ्लॉरेन्स केन यांच्याकडून आलेल्या रेघोट्यांच्या तंत्रात विषय आधी ठरवलेला नसतो. हात मोकळा फिरवून रेषांचे जाळे काढायचे, कागद फिरवून पाहायचा आणि त्यात दिसलेला आकार पूर्ण करायचा. प्रेरणेची वाट पाहण्याऐवजी ती कागदावरच शोधायची, हे या तंत्राचे मर्म होय.

संगीत : मेंदूच्या डाव्या गोलार्धास इजा होऊन वाचा गेलेले काही रुग्ण ओळखीच्या गाण्याचे शब्द मात्र गाऊ शकतात. या निरीक्षणावरून १९७३ मध्ये स्वराधारित वाचोपचाराची, म्हणजे शब्द सुरात व तालात म्हणवून घेण्याची, पद्धती मांडली गेली. सुधारणेचे श्रेय इजा न झालेल्या उजव्या गोलार्धाला द्यावे की तालाला, यावर मतभेद आहेत. तालाचा वाटा पूर्वी समजला गेला त्याहून मोठा असावा. कंपवाताच्या रुग्णांची चाल सुधारण्यासाठीही ठोक्यांचा उपयोग करतात. ठोका पडेल तसे पाऊल उचलत गेल्याने चालीची लय सावरते.