बाळाला क्लिनिकल ट्रायलमध्ये घ्यायचं म्हणतायत? पात्रता, संमती आणि कागदपत्रांची माहिती

आधी एक गैरसमज दूर करू. क्लिनिकल ट्रायलसाठी, म्हणजे औषध किंवा उपचार माणसांवर तपासून बघणाऱ्या चाचणीसाठी, पालकांना भरायचा असा कुठला अर्ज नसतो. पोर्टल नाही, खिडकी नाही, शेवटची तारीख नाही. अर्ज करतो तो औषधाचा प्रायोजक, म्हणजे बहुतेक वेळा कंपनी, आणि तो जातो दिल्लीत सीडीएससीओकडे, म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रकांच्या कार्यालयाकडे. पालकांच्या हातात येतं ते माहितीपत्रक आणि संमतीपत्र. त्यावर सही झाली की मगच बाळाच्या तपासण्या सुरू होतात, आणि त्यात बसलं तर बाळ ट्रायलमध्ये जातं. म्हणून पालकांच्या दृष्टीने या सगळ्या प्रक्रियेतला खरा वजनदार कागद एकच, संमतीपत्र. बाकीची कागदपत्रं तुलनेने किरकोळ आहेत.

भारतात हे सगळं चालतं ते नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियम, २०१९ नुसार. त्याच्या जोडीला आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत. मुलांबाबतचे बारकावे बरेचसे त्यातच सापडतात.

आधी ट्रायल खरी आहे का ते बघा

डॉक्टरांनी ट्रायलचं नाव काढलं की पहिला प्रश्न विचारायचा तो सीटीआरआय क्रमांकाचा. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया ही आयसीएमआरची नोंदवही २००७ पासून सुरू आहे. औषध नियंत्रकांनी जून २००९ पासून नोंदणी सक्तीची केली आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी झालेली असावी लागते. क्रमांकात सीटीआरआय ही अक्षरं, मग वर्ष, महिना आणि सहा आकडे असतात. हा क्रमांक संकेतस्थळावर टाकला की नोंद समोर येते. ती कोणालाही बघता येते, पैसे पडत नाहीत.

नोंद इंग्रजीत असते आणि लांबलचक असते, पण सगळी वाचायची गरज नाही. भरती सुरू आहे का, तुमच्या रुग्णालयाचं नाव केंद्रांच्या यादीत आहे का, तिथल्या एथिक्स कमिटीची, म्हणजे सहभागींचं हित जपणाऱ्या नैतिकता समितीची, मंजुरी ‘अप्रूव्हड’ दिसते का, आणि वयोमर्यादा काय आहे, एवढं बघितलं तरी पुरे. नवीन औषध असेल तर औषध नियंत्रकांची सीटी-०६ नमुन्यातली परवानगी असते. औषध आधीच बाजारात असेल आणि एखादं वैद्यकीय महाविद्यालय केवळ अभ्यासासाठी त्याचा नवा उपयोग तपासत असेल, तर ही परवानगी लागत नाही, एथिक्स कमिटीची मंजुरी मात्र लागतेच. तेव्हा सीटी-०६ नाही म्हणून लगेच संशय घेऊ नका. सीटीआरआय नोंद आणि एथिक्स कमिटीची मंजुरी दोन्ही नसतील, तर उठून या.

दुसरी खूण पैशांची. संशोधनासाठी केलेल्या तपासण्या, औषध, प्रक्रिया यांचा खर्च सहभागी कुटुंबाकडून घ्यायचा नाही, असं आयसीएमआरची तत्त्वं स्पष्ट सांगतात. प्लासिबो गटातल्या, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काही मिळणाऱ्या, मुलांनाही हे लागू आहे. उलट येण्याजाण्याचा खर्च मिळतो. सेरेब्रल पाल्सी किंवा ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांनी इथे विशेष सावध राहावं. त्यांना ‘स्टेम सेल’ (मूळपेशी) ‘ट्रायल’च्या नावाखाली लाखोंची पॅकेजं सांगितली जातात. आयसीएमआरच्या २०१७ च्या स्टेम सेल मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या आजारांसाठीच्या मान्य प्रत्यारोपणाखेरीज इतर कुठलाही स्टेम सेल वापर मंजूर ट्रायलमध्येच होऊ शकतो. आणि मंजूर ट्रायल असेल तर बिल येत नाही. माझ्या मते, ज्याचं बिल येतं ती ट्रायल नव्हे, विक्री.

पात्रता कशी ठरते

पात्रतेची यादी ट्रायलच्या आराखड्यात आधीच लिहिलेली असते आणि ती डॉक्टरांना वाकवता येत नाही. ओळख, शिफारस, कळकळ यांचा उपयोग नाही. नवजात बाळांच्या बाबतीत गर्भारपणाचे आठवडे, जन्मवजन आणि जन्मानंतर उलटलेले तास या तीन आकड्यांवर बरंच काही ठरतं. उदाहरणार्थ, जन्मताना गुदमरलेल्या बाळाच्या मेंदूला इजा होऊ नये म्हणून शरीर थंड ठेवण्याचा उपचार. तो जन्मापासून सहा तासांच्या आत सुरू करावा लागतो. त्यावरची ट्रायल असेल तर बोलणं, वाचणं, विचार करणं, सही, सगळं त्या सहा तासांत. आई अजून सिझेरियनच्या भुलीतून सावरत असते आणि बाप एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे धावत असतो. काही ट्रायलमध्ये म्हणूनच जोखमीच्या गरोदर मातांना आधीच माहिती देऊन ठेवतात. ही चांगली पद्धत आहे. बाळ मुदतीआधी होण्याची चिन्हं असतील तर ‘तुमच्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) एखादी ट्रायल चालू आहे का’ हे आधीच विचारून ठेवायला हरकत नाही.

मोठ्या मुलांमध्ये निदानाचा पुरावा लागतो. स्नायूंच्या किंवा चयापचयाच्या आनुवंशिक आजारात केवळ लक्षणांवरून केलेलं निदान चालत नाही, जनुकीय तपासणीचा अहवालच लागतो, आणि अनेकदा नेमका कुठला बदल आहे त्यावर पात्रता ठरते. वगळण्याचे निकषही तितकेच महत्त्वाचे: नुकतंच दुसऱ्या ट्रायलमध्ये घेतलेलं औषध, चालू असलेलं स्टेरॉइड, यकृत-मूत्रपिंडाचे बिघडलेले आकडे. जनुकीय उपचारांच्या ट्रायलबद्दल एक गोष्ट जरूर लक्षात ठेवा. हे उपचार बऱ्याचदा विषाणूच्या वाहकातून एकदाच दिले जातात. त्यानंतर शरीरात त्या वाहकाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि तशाच वाहकाचा दुसरा उपचार पुढे घेता येत नाही. एक दार उघडताना दुसरं बंद होतंय का, हे सहीच्या आधी विचारायचं.

सही कोणाची चालते

१८ वर्षांखालच्या मुलासाठी आई-वडील किंवा कायदेशीर पालक सही करतात. जोखीम नगण्य असेल किंवा मुलाला थेट फायदा अपेक्षित असेल तर सर्वसाधारणपणे एकाची सही पुरते. जोखीम जास्त आणि मुलाला थेट फायदा नाही, अशा वेळी दोघांची लागू शकते. नेमकं काय हे एथिक्स कमिटी ठरवते. आजी, काका, मावशी यांना बाळावर कितीही हक्क वाटत असला तरी कागदावर तो चालत नाही. न्यायालयाने नेमलेले पालक असतील तर तो आदेश जोडावा लागतो.

हे तांत्रिक वाटत असेल तर २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या (आता तेलंगणातल्या) खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला झालेला एचपीव्ही लशीचा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लशीचा, प्रकल्प आठवावा. खम्मममध्ये वसतिगृहात राहणाऱ्या अनेक मुलींच्या संमतीपत्रावर पालकांऐवजी वॉर्डनच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि प्रकरण संसदीय समितीपर्यंत गेलं. आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात मूल असेल, तर तुमच्या सहीशिवाय त्याला ट्रायलमध्ये घेता येत नाही, हे तिथे लेखी कळवून ठेवलेलं बरं.

मुलाचंही मत घेतलं जातं. ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी, १२ ते १८ वयातल्या मुलाची लेखी मान्यता लागते. त्यासाठी सोप्या भाषेतला वेगळा कागद असतो. पालक हो म्हणाले आणि मूल नाही म्हणालं, तर मुलाचा नकार मानायचा असतो. अपवाद एवढाच, की ज्या उपचारावाचून मुलाच्या जिवाला किंवा प्रकृतीला धोका आहे आणि दुसरा पर्याय नाही, तिथे पालकांची संमती पुरेशी धरली जाते.

संमतीपत्र भरताना

हा कागद मोठ्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवून बनवलाय, हे तो हातात आल्यावर लगेच कळतं. तीन दिवसांच्या बाळाच्या फॉर्मवर शिक्षण, व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्नाचे रकाने असतात. नाव अजून ठेवलेलं नसतं, म्हणून वर ‘बेबी ऑफ’ आणि आईचं नाव. आणि खाली नॉमिनीचं नाव, पत्ता, बाळाशी नातं. एनआयसीयूच्या बाहेर बसलेल्या आईबापाचा हात इथे थबकतो, आणि थबकणं साहजिक आहे. हा रकाना बाळ वाचणार नाही असं सुचवत नाही. ट्रायलमुळे मृत्यू झाल्यास भरपाई कोणाला द्यायची, याची नोंद म्हणून तो नियमातच आहे. तो रिकामा सोडू नका. उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहायचं ते तिथल्या समन्वयकाला विचारा. अंदाजे काहीतरी ठोकून देऊ नका.

माहितीपत्रक तुम्हाला समजेल त्या भाषेत मिळायला हवं. मराठी प्रत मागा. मराठी असूनही कळत नसेल, तर समजावून सांगणं हे संशोधक डॉक्टरांचं काम आहे, तुमचं अज्ञान नाही. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार हजर लागतो आणि तोही सही करतो. अगदी नव्या रासायनिक घटकाची ट्रायल असेल तर मुलांच्या बाबतीत सगळ्या संमतीप्रक्रियेचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण सक्तीचं आहे. कॅमेरा बघून बावरू नका. तो पालकांच्याच बाजूचा पुरावा असतो. तुम्ही विचारलेला प्रश्न आणि मिळालेलं उत्तर त्यात राहतं. सही झाल्यावर माहितीपत्रक आणि भरलेल्या संमतीपत्राची प्रत तुम्हाला दिलीच पाहिजे. ‘नंतर देतो’ यावर उठायचं नाही.

दोन प्रश्न तर विचाराच. पहिला: माझ्या बाळाला नवीन उपचार नक्की मिळणार का? बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं. गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरतात, तेही डॉक्टरांच्या हातात नसतं. आणि नवीन म्हणजे चांगलं, असंही नाही. गुदमरलेल्या बाळांना थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत रुळलेला. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर तो हेलिक्स नावाच्या ट्रायलमध्ये तपासला. २०२१ मध्ये निकाल आला तेव्हा थंड ठेवलेल्या गटात ४२ टक्के बाळं दगावली होती, नेहमीच्या उपचाराच्या गटात ३१ टक्के. त्याच वर्षी उलटं उदाहरणही आलं. जन्मानंतर लगेच बाळाला आईच्या छातीशी ठेवण्याच्या कांगारू पद्धतीची जागतिक आरोग्य संघटनेची ट्रायल पाच देशांत, दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय धरून, चालू होती. फायदा इतका स्पष्ट दिसला की ती मुदतीआधी थांबवली. आधी कोणालाच ठाऊक नसतं म्हणून तर ट्रायल करतात.

दुसरा प्रश्न रक्ताचा: केवळ संशोधनासाठी किती रक्त काढणार? युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांनुसार एका वेळी एकूण रक्ताच्या १ टक्क्यापेक्षा आणि चार आठवड्यांत ३ टक्क्यांपेक्षा जास्त काढू नये. नवजात बाळात किलोमागे साधारण ८० ते ९० मिलिलिटर रक्त असतं. दीड किलोच्या बाळाचा हिशेब केला तर एका वेळी जेमतेम सव्वा मिलिलिटर होतं. आकडा विचारला की चांगले डॉक्टर लगेच सांगतात.

सोबत ठेवायची कागदपत्रं

यादी ट्रायलनुसार बदलते, पण एवढं जवळ असलं की खेटे वाचतात: जन्माच्या रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड (त्यात आठवडे, वजन, जन्मवेळ हवी), माता व बाल संरक्षण कार्ड किंवा लसीकरणाची नोंद, आजवरचे सगळे तपासणी अहवाल आणि स्कॅनच्या मूळ फिल्म किंवा सीडी, चालू औषधांची मात्रेसह यादी, आई-वडिलांचं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, मोठ्या मुलाचा जन्मदाखला. नवजात बाळाचा जन्मदाखला नसला तरी अडत नाही, रुग्णालयाची नोंद चालते. मूळ कागद कोणालाही ठेवून घेऊ देऊ नका. ते बघतील, झेरॉक्स घेतील आणि मूळ परत देतील, एवढंच.

काही बिघडलं तर

ट्रायलदरम्यान मुलाला इजा झाली तर उपचार मोफत, आणि ते इजेचा ट्रायलशी संबंध नाही असं सिद्ध होईपर्यंत किंवा गरज असेपर्यंत. गंभीर घटना संशोधकाने २४ तासांत औषध नियंत्रक, प्रायोजक आणि एथिक्स कमिटीला कळवायची असते. मृत्यू ट्रायलमुळे झाला असं ठरलं तर भरपाईचं सूत्र नियमातच आहे: आठ लाख रुपयांची मूळ रक्कम, त्याला वयाचा आणि जोखमीचा गुणक. १६ वर्षांपर्यंतच्या मुलाचा वयाचा गुणक सगळ्यात मोठा असल्याने निरोगी मुलाच्या बाबतीत ही रक्कम सुमारे ७३ लाख ६० हजारांपर्यंत जाते. सहा महिन्यांपेक्षा जास्त जगण्याची आशा नसलेल्या मुलाच्या बाबतीत ती सुमारे ९ लाख २० हजार होते. तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ९० टक्के किंवा अधिक असेल तर सरसकट दोन लाख. एनआयसीयूतल्या अत्यंत नाजूक बाळांना हाच नियम लागू शकतो. मला हा नियम निष्ठुर वाटतो, पण आहे तो असा आहे. बाळ कुठल्या जोखीमगटात धरलंय, हे आधी विचारून घ्या. आदेश निघाल्यापासून ३० दिवसांत प्रायोजकाने पैसे द्यायचे असतात. तक्रार करायची झाली तर एथिक्स कमिटीच्या सचिवांचा फोन नंबर माहितीपत्रकात असतो, थेट तिथे बोलता येतं.

बाहेर पडायचं असेल तर

केव्हाही, कारण न सांगता बाहेर पडता येतं आणि मुलाचे नेहमीचे उपचार त्यामुळे बंद करता येत नाहीत. तोंडी सांगितलं तरी चालतं, पण लेखी द्या आणि पोच घ्या. काही औषधं एकदम थांबवणं धोक्याचं असतं, तेव्हा ती कशी उतरवायची हे विचारूनच घरी जा.

ट्रायल संपली आणि औषध लागू पडत होतं, दुसरा पर्याय नाही, अशी स्थिती असेल तर संशोधकाच्या शिफारशीने आणि एथिक्स कमिटीच्या मंजुरीने ते पुढेही मोफत मिळण्याची सोय नियमांत आहे. ती आपोआप होत नाही, मागावी लागते, आणि त्या वापराची जबाबदारी प्रायोजकावर नाही असं पालकांकडून लिहून घेतात. पाठपुरावा वर्षानुवर्षं चालणारा असेल तर मूल १८ वर्षांचं झाल्यावर तुमची सही संपते. पुढची संमती त्याला स्वतःला द्यावी लागते, तोवर तुमच्याकडची प्रत त्याच्यासाठी जपून ठेवा.