लवचिक मनगट (शस्त्रक्रियेच्या उपकरणांतील)

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील लांब, बारीक उपकरणाच्या टोकाशी, चिमट्याच्या किंवा कात्रीच्या पात्यांच्या लगेच मागे बसवलेला वळणारा सांधा. उपकरणाची नळी साधारण 5 ते 8 मिमी. जाडीची असते आणि पोटावरच्या छोट्या छेदातून आत जाते. सांधा छेदाच्या पलीकडे, पोटाच्या आत असल्याने नळी जागेवर ठेवूनही टोक वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे वळवता येते.

साध्या सरळ उपकरणाला छेदापाशी टेकू मिळतो, म्हणून हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जाते. आत-बाहेर सरकणे, स्वतःभोवती फिरणे आणि टेकूवर दोन दिशांना कलणे, एवढ्या चारच हालचाली त्याला जमतात. पित्ताशय काढायला त्या पुरतात. टाके घालताना मात्र वाकडी सुई तिच्या वळणानेच ऊतींतून फिरवावी लागते. ती आडवी ओढली गेली तर ऊती फाटतात. प्रोस्टेट ग्रंथी काढल्यावर मूत्राशयाचे तोंड मूत्रमार्गाला शिवायचे असते. ओटीपोटाच्या त्या खोल, अरुंद जागेत सरळ उपकरणाने सुई कोणत्या कोनातून घालायची, हे बरेचसे छेदाच्या जागेवरच ठरून जाते. मनगटामुळे आणखी दोन हालचाली मिळून एकूण सहा होतात; जबड्याची उघडझाप सातवी. रोबॉटिक शस्त्रक्रियेचे श्रेय बहुधा संगणकाला दिले जाते, पण टाक्यांच्या बाबतीत त्यातला मोठा वाटा या सांध्याचा आहे.

बोटे हलवणारे बरेचसे स्नायू कोपराखालच्या हातात असतात आणि त्यांच्या कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) मनगटावरून पुढे जातात. इथली रचनाही तशीच आहे. जोर नळीच्या मागच्या टोकाला लावला जातो आणि टंगस्टनच्या बारीक दोरांतून पुढे पोहोचतो. अवघड भाग पुढेच आहे. जबड्याचे दोर मनगट ओलांडून जातात, त्यामुळे मनगट वाकले की त्यांची वाट लांबते किंवा आखडते आणि जबडा आपोआप उघडू वा मिटू लागतो. रोबॉटमध्ये संगणक हा फरक मोजून मोटारींकडून भरून काढतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात विकसित झालेल्या ‘फ्लेक्सडेक्स’ या हाताने चालवायच्या उपकरणात मोटार नाही. त्याची चौकट सर्जनच्या हाताला बांधली जाते आणि उपकरणाच्या मुठीचा फिरण्याचा केंद्रबिंदू सर्जनच्या स्वतःच्या मनगटावर येईल अशी रचना केलेली असते.

दोरांनी चालणाऱ्या अशा मनगटांवर 1990 च्या दशकात अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत अखिल मधानी आणि केनेथ सॅलिस्बरी यांनी महत्त्वाचे काम केले. 1995 मध्ये स्थापन झालेल्या इंट्यूइटिव्ह सर्जिकल कंपनीच्या ‘दा विंची’ या शस्त्रक्रियेच्या रोबॉट यंत्राला 2000 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मंजुरी मिळाली आणि त्यातील ‘एंडोरिस्ट’ उपकरणांमुळे मनगट सर्वदूर पोहोचले. त्याच्या 8 मिमी. उपकरणांत आसांवर फिरणाऱ्या छोट्या कप्प्या आहेत. 5 मिमी. नळीत तशा कप्प्या बसवणे कठीण, म्हणून तिथे मणक्यांसारख्या चकत्यांची साखळी वापरली गेली. तिचे वळण लांबट असल्याने टोकाला वळायला आत जास्त मोकळी जागा लागते, आणि लहान मुलांच्या पोटात नेमकी तीच कमी असते. निकेल-टायटॅनियमच्या नळीला खाचा पाडून एकसंध वाकणारे मनगट करण्याचे प्रयोगही झाले आहेत. त्यात जोडाचे सुटे भाग कमी लागतात.

सांधा जितका लहान, तितका दोर लहान वर्तुळावरून वळतो आणि त्याच्या तारा लवकर थकून तुटतात. म्हणून दा विंचीच्या उपकरणाला वापराची मर्यादा असते: यंत्र प्रत्येक वापर मोजते आणि मर्यादा संपली की ते उपकरण स्वीकारत नाही. बहुतेक उपकरणांना बरीच वर्षे 10 वापरांची मर्यादा होती; 2020 पासून काहींची 12 ते 18 पर्यंत वाढवण्यात आली. शस्त्रक्रियेचा खर्च या आकड्यावर बराच अवलंबून असतो. सफाईही जिकिरीची असते, कारण कप्प्या आणि दोरांच्या फटींत रक्त अडकते. ते वाळण्याआधी उपकरण ओले ठेवून, नळीतून पाणी सोडून आणि मनगट सगळ्या दिशांनी हलवत ब्रशने घासावे लागते.