पिकावर अध्ययन व स्मृती संस्था

पिकावर (Picower) अध्ययन व स्मृती संस्था : अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या विद्यापीठाची मेंदूविज्ञान संशोधन संस्था. जपानी शास्त्रज्ञ सुसुमु टोनेगावा यांनी १९९४ मध्ये ती ‘सेंटर फॉर लर्निंग अँड मेमरी’ या नावाने सुरू केली. पिकावर प्रतिष्ठानाच्या ५ कोटी डॉलरच्या देणगीनंतर २००२ मध्ये तिच्या नावाला ‘पिकावर’ हे नाव जोडले गेले. स्थापनावर्ष मात्र १९९४ हेच धरणे योग्य, कारण संशोधनाची दिशा तेव्हाच ठरली होती. टोनेगावा यांचे १९८७ चे नोबेल पारितोषिक प्रतिपिंडांच्या (रोगजंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांच्या) वैविध्यामागील जनुकीय तत्त्वासाठी होते. पुढे ते जनुकतंत्र घेऊन स्मृतीच्या अभ्यासाकडे वळले.

प्रत्येक आठवणीचा मेंदूत भौतिक ठसा उमटतो, ही एन्ग्रामची कल्पना जर्मन प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड झेमोन यांनी १९०४ मध्ये मांडली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांना उंदरांच्या मेंदूबाह्यकात (मेंदूच्या बाहेरच्या थरात) त्याची निश्चित जागा सापडली नाही आणि १९५० च्या सुमारास हा शोध थंडावल्यासारखा झाला. टोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत शू लिऊ, स्टीव्ह रामिरेझ आदींनी २०१२ मध्ये उंदराच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूतील स्मृतीशी संबंधित भागातील, भीतीचा अनुभव घेताना सक्रिय झालेल्या चेतापेशी प्रकाशसंवेदी केल्या. वेगळ्या, निर्धोक पिंजऱ्यात त्यांवर निळा प्रकाश टाकताच उंदीर भीतीने थिजला. २०१३ मध्ये याच पद्धतीने त्याच्या मनात न घडलेल्या प्रसंगाची भीतीही रुजवता आली. हे काम खरोखर विलक्षण आहे.

मात्र आठवण चेतापेशींमधील जोडण्यांच्या बळकटीत साठते की कोणत्या पेशी कोणाशी जोडल्या आहेत त्या रचनेत, हा वाद मिटलेला नाही. जोडण्या बळकट होण्यासाठी लागणारी प्रथिननिर्मिती रोखून विस्मरण घडवल्यावरही प्रकाशाने ती आठवण परत आणता येते, असे टोमास रायन व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले. त्यामुळे रचनेचा पक्ष अधिक सबळ वाटतो. तरी बळकटीचे महत्त्व नाकारता येत नाही.

झोपेतील स्मृतींची उजळणी (मॅथ्यू विल्सन), दृष्टिबाह्यकाची (मेंदूबाह्यकातील दृष्टीशी संबंधित भागाची) जडणघडण (मृगांक सूर) आणि अल्झायमर (ली-ह्युई त्साई, २००९ पासून संचालक) हे संस्थेतील संशोधनाचे इतर विषय.

२००५ मध्ये खुल्या झालेल्या संस्थेच्या इमारतीची रचना मूळ गोमंतकीय कुटुंबातील, मुंबईत व्यवसाय केलेले आणि एमआयटीचेच माजी विद्यार्थी असलेले वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांची. पणजीची कला अकादमीही त्यांचीच. जागेतून मालगाड्यांचा लोहमार्ग जात असल्याने इमारत त्यावरूनच उभारली आहे. एमआयटीचा मेंदू व बोधविज्ञान विभाग आणि मॅकगव्हर्न ही मेंदूसंशोधन संस्था याच इमारतीत आहेत.