केनिया पर्वत

पूर्व आफ्रिकेतील केनिया देशाच्या मध्यभागी, विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस असलेला मृत ज्वालामुखी. ५,१९९ मीटर उंचीचा हा पर्वत आफ्रिकेत किलिमांजारोखालोखाल सर्वांत उंच असून देशाला त्याच्यावरूनच नाव मिळाले आहे. सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी जागृत असलेल्या या ज्वालामुखीचे मुख आणि वरचा शंकू काळाच्या ओघात, विशेषतः हिमनद्यांच्या घर्षणाने, झिजून गेला. ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला कठीण खडक तेवढा उरला. बाटियान (५,१९९ मी.) आणि नेलिऑन (५,१८८ मी.) ही जुळी शिखरे म्हणजे तोच खडक. त्यांवर चढण्यासाठी दोर आणि प्रस्तरारोहणाचे पक्के कौशल्य लागते. पदभ्रमण करणाऱ्यांची मजल असते ती लेनाना (४,९८५ मी.) या शिखरापर्यंत. केनिया पर्वत सर केल्याचे सांगणारे बहुतेक जण प्रत्यक्षात तिसऱ्या क्रमांकाच्या शिखरावर जाऊन आलेले असतात, आणि त्यात कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही.

लेनानाला जाण्याच्या वाटांपैकी तीन विशेष प्रचलित आहेत. पश्चिमेकडील नारो मोरू ही सर्वांत जवळची, पण मध्ये चिखलाने भरलेली दलदलीची चढण असल्याने दमवणारी. वायव्येकडील सिरिमोन ही पर्जन्यछायेतली, कोरडी आणि टप्प्याटप्प्याने चढणारी, म्हणून विरळ हवेची सवय होण्यास सोयीची. पूर्वेकडील चोगोरिया ही सर्वांत देखणी: खोल दरीच्या काठाने जाताना खाली मायकेलसन सरोवर दिसते आणि समोर शिखरांचा समूह हळूहळू उघडत जातो. वेळ असेल त्याने सिरिमोनने चढून चोगोरियाने उतरावे, हेच इष्ट. शिखराचा अंतिम टप्पा बहुधा पहाटेपूर्वी अंधारात सुरू होतो. चार-पाच दिवसांचा हा प्रवास घाईने उरकू पाहणाऱ्यांना डोकेदुखी, मळमळ आणि निद्रानाश गाठतो. म्हणूनच वाटाडे ‘पोले पोले’, म्हणजे सावकाश, असे सतत बजावत असतात. उद्यानात एकट्याने प्रवेश करता येत नाही. जानेवारी-फेब्रुवारी आणि जुलै ते सप्टेंबर हे त्यातल्या त्यात कोरडे महिने होत.

पर्वताचे खरे वैभव वनस्पतींच्या पट्ट्यांत आहे. पायथ्याची चहा-कॉफीची शेते संपताच देवदारवर्गीय वृक्ष आणि पोडोकार्पस यांचे दाट अरण्य लागते; त्यात हत्ती आणि रानरेडे वावरतात. त्यावर, ओल्या बाजूंना, बांबूचे बन येते, मग शेवाळ लोंबणारे हेजेनिया वृक्ष, आणि साधारण ३,५०० मीटरच्या वर झुपकेदार गवताचे उघडे माळरान. येथे विषुववृत्ताचा एक चमत्कारिक परिणाम दिसतो: ऋतू वर्षात नव्हे, तर दिवसात पालटतात. दुपारी कडक ऊन आणि रात्री गोठवणारी थंडी, हा क्रम जवळजवळ बारा महिने चालतो. त्याला तोंड देण्याच्या येथील वनस्पतींच्या युक्त्या पाहण्यासारख्या आहेत. महाकाय सेनेसिओ वाळलेली पाने गळू देत नाही. खोडाभोवती त्यांचेच जाड आवरण राहते. लोबेलियाच्या एका जातीच्या पानांच्या वाटीत पाणी साठलेले असते. रात्री त्याचा वरचा थर गोठतो, खालचे पाणी मात्र द्रव राहते आणि मधला कोंब वाचतो. टेलेकी लोबेलियाचा फुलोरा लांब केसाळ पानांनी झाकलेला असतो; त्या केसांत शिरून मकरंद शोधणारे हिरवेगार शिंजीर पक्षी वाटेवर सहज दिसतात.

पायथ्याच्या किकुयू लोकांसाठी हा पर्वत किरिन्यागा, म्हणजे न्गाई या परमेश्वराचे पृथ्वीवरील वसतिस्थान आहे. परंपरेनुसार न्गाईने आदिपुरुष गिकुयू याला येथूनच भूमी दाखवली आणि मुंबी ही पत्नी दिली. पूर्वी पर्वताकडे तोंड करून प्रार्थना केली जाई, घरांची दारेही त्याच दिशेला ठेवली जात, आणि मुगुमो या अंजीरवर्गीय वृक्षाखाली बळी अर्पण केले जात. एंबू आणि मेरू समाजांनाही तो पूज्य आहे. शिखरांची आजची नावे मात्र मसाई धर्मप्रमुखांच्या घराण्यावरून हॅल्फर्ड मॅकिंडर या ब्रिटिश भूगोलज्ञाने दिली.

१८४९ मध्ये योहान क्राफ या जर्मन मिशनऱ्याने विषुववृत्तावर बर्फ पाहिल्याचे कळवले, तेव्हा युरोपात त्यावर विश्वास बसला नाही. मॅकिंडरने १३ सप्टेंबर १८९९ रोजी दोन आल्प्स वाटाड्यांसह बाटियान गाठले. पुढची यशस्वी चढाई व्हायला १९२९ उजाडावे लागले. १९४३ मध्ये नान्युकी येथील छावणीतून तीन इटालियन युद्धकैदी पळाले ते केवळ हा पर्वत चढण्यासाठी. त्यांतील दोघांनी लेनानावर इटलीचा ध्वज लावला आणि मग तिघेही आपण होऊन कैदेत परतले. गिर्यारोहणाच्या इतिहासात इतकी निरर्थक आणि इतकी मनोहारी मोहीम क्वचितच घडली असेल. १९५० च्या दशकात ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणाऱ्या माऊ माऊ बंडखोरांनी याच पर्वताच्या अरण्यात आश्रय घेतला. त्यांच्या येथील तुकड्यांचे नेतृत्व ‘जनरल चायना’ या नावाने ओळखले जाणारे वारुहिऊ इटोटे करीत. डिसेंबर १९६३ मध्ये स्वातंत्र्याच्या वेळी किसोई मुन्याओ यांनी लेनानावर केनियाचा ध्वज फडकवला.

१९४९ पासून येथे राष्ट्रीय उद्यान आहे आणि १९९७ मध्ये युनेस्कोने पर्वताचा जागतिक वारशात समावेश केला. येथून निघणाऱ्या प्रवाहांवर ताना नदीवरील जलविद्युत प्रकल्प आणि उत्तरेकडील कोरड्या प्रदेशातील एवासो न्गिरो नदी अवलंबून आहे. परंतु हिमनद्या झपाट्याने आटत आहेत; मॅकिंडरच्या काळी अठरा होत्या, त्यांतील कित्येक आज नाहीशा झाल्या आहेत आणि सर्वांत मोठी लुईस हिमनदी दोन तुकड्यांत विभागली आहे. अरण्यतोडीचाही प्रश्न जुनाच. १९७७ मध्ये वृक्षलागवडीची हरित पट्टा चळवळ सुरू करणाऱ्या वंगारी मथाई या याच परिसरातील न्येरीच्या. २००४ चे नोबेल शांतता पारितोषिक जाहीर झाल्याची बातमी कळताच त्यांनी पर्वतासमोर झाड लावले. शेतीने वेढलेल्या अरण्यातून हत्तींना उत्तरेकडे जाता यावे म्हणून नान्युकी-मेरू महामार्गाखालून भुयारी मार्ग करण्यात आला आहे. २०११ पासून हत्ती तो वापरतात, आणि २०१३ मध्ये जागतिक वारसा क्षेत्राचा विस्तार करून लेवा अभयारण्य व न्गारे न्दारे अरण्यही त्यात आणले गेले.