स्वयंनिर्मित पुरुषाचे अमेरिकन मिथक

गरीब घरात जन्मलेला मुलगा कष्ट, काटकसर, सचोटी आणि शिक्षण यांच्या बळावर, कोणाचेही उपकार न घेता वर येतो, ही अमेरिकन समाजाची स्वतःविषयीची एक जुनी आणि आवडती समजूत आहे. अशा माणसाला इंग्रजीत ‘सेल्फ-मेड मॅन’ म्हणतात. मराठीत रंकाचा राव होतो तेव्हा त्यात दैवाचा किंवा कोणाच्या तरी कृपेचा वाटा असतो, हे आपण गृहीतच धरतो. अमेरिकन कथेला मात्र हा वाटा मान्य नसतो. काही माणसे खरोखरच हालाखीतून वर आली, त्यामुळे या समजुतीला निखालस खोटी म्हणता येत नाही. तिला मिथक म्हणायचे ते तिच्या हिशेबाच्या पद्धतीमुळे. नायकाचे कष्ट तिच्यात पैन्‌पै जमेस धरलेले असतात. त्याच्या आई, बहीण, बायको, शिक्षिका यांच्या श्रमांची मात्र नोंदच नसते. ‘मॅन’ हा शब्द म्हणूनच येथे शब्दशः घ्यावा लागतो.

या मिथकाचा मूळपुरुष म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०). बॉस्टनमधील साबण आणि मेणबत्त्या बनवणाऱ्याच्या सतरा अपत्यांपैकी तो पंधरावा. दोन वर्षांच्या आत-बाहेर शाळा झाली आणि दहाव्या वर्षी ती सुटली. १७२३ मध्ये तो पळून फिलाडेल्फियाला गेला, तेव्हा दोन काखांत दोन मोठे पाव आणि तिसरा खात खात रस्त्याने चाललेला हा कळकट मुलगा त्याच्या भावी पत्नीने दारातून पाहिला, हे त्याने आत्मचरित्रात स्वतःच रंगवून सांगितले आहे. पुढे मुद्रक, संशोधक, मुत्सद्दी अशा पायऱ्या तो चढत गेला आणि ते आत्मचरित्र पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हाती आदर्श म्हणून दिले गेले.

त्याची धाकटी बहीण जेन (१७१२–१७९४) याच घरात वाढली. तिला वाचायची गोडी होती, पण त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मुलींना वाचता आले म्हणजे पुरे, लिहिणे पुढचे. त्यामुळे तिचे शुद्धलेखन आयुष्यभर कच्चे राहिले आणि भावाला लिहिलेल्या पत्रांतून ती त्याबद्दल वरचेवर माफी मागत असे. ती चौदा वर्षांची असताना फ्रँकलिनने तिला भेट पाठवायचे ठरवले. चहाचे मेज पाठवावे असे त्याच्या मनात होते, पण नुसती देखणी बाई होण्यापेक्षा चांगली गृहिणी होणे श्रेयस्कर, असा विचार करून त्याने चरखा पाठवला आणि तसे पत्रात कळवलेही. पंधराव्या वर्षी तिचे लग्न झाले. नवरा कर्जात बुडालेला, मुले बारा. त्यांपैकी अकरा तिच्या डोळ्यांदेखत गेली. त्यांच्या जन्ममृत्यूच्या तारखा तिने हाताने शिवलेल्या एका लहानशा वहीत टिपून ठेवल्या, आणि तिने स्वतःविषयी लिहिलेले म्हणता येईल असे जवळजवळ तेवढेच. भाऊ तिला जन्मभर पत्रे लिहीत राहिला, पैशांची मदतही करत राहिला. आत्मचरित्रात मात्र तिचे नाव नाही.

‘सेल्फ-मेड मॅन’ हा शब्दप्रयोग राजकारणात रूढ झाला तो केंटकीचे सिनेटर हेन्री क्ले यांच्या १८३२ मधील भाषणामुळे. केंटकीतील बहुतेक कारखाने अशा उद्यमी, स्वयंनिर्मित माणसांच्या हाती आहेत, असे त्यांनी अभिमानाने सांगितले. केंटकीतील अंबाडीचे कारखाने गुलामांच्या श्रमांवर चालत आणि क्ले स्वतःही गुलामांचे मालक होते, हे लक्षात घेतले की या अभिमानाची जातकुळी कळते. गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८५९ पासून याच विषयावर अनेक ठिकाणी व्याख्यान दिले. कष्टाची महती गाताना त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले, की काटेकोर अर्थाने स्वयंनिर्मित असा माणूस जगात असूच शकत नाही. प्रत्येकजण इतरांचे देणे लागतो. त्यांना पहिली मुळाक्षरे बॉल्टिमोरच्या मालकिणीने, सोफिया ऑल्ड हिने शिकवली होती, तीही नवऱ्याने मनाई करेपर्यंतच. आणि १८३८ मधील पलायनाला ॲना मरे या स्वतंत्र कृष्णवर्णीय तरुणीने घरकाम करून साठवलेल्या पैशांचा आधार होता. पुढे ती त्यांची पत्नी झाली. डग्लस यांच्या ग्रंथांनी त्यांना जगभर नेले. ॲनाला मात्र अखेरपर्यंत जेमतेमच वाचता येत असे.

लोकप्रिय वाङ्मयात हे मिथक होरेशिओ आल्जर याच्या नावाने ओळखले जाते. १८६८ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या ‘रॅग्ड डिक’ या त्याच्या कादंबरीत न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बूट पुसणारा पोरगा आठवड्याला दहा डॉलर पगाराचा कारकून होतो. लाखोंची संपत्ती त्याला मिळत नाही. आणि ही नोकरीही लाभते ती बोटीवरून पाण्यात पडलेल्या एका श्रीमंताच्या मुलाला वाचवल्यामुळे. कष्ट आणि नशीब यांच्याइतकाच कनवाळू शेठजीही या कथांमध्ये आवश्यक असतो, हे त्यांचा दाखला देणारे सहसा विसरतात. आल्जरने १८७१ च्या ‘टॅटर्ड टॉम’मध्ये नायकाच्या जागी मुलगी योजली. रस्ता झाडणारी, मुलासारखी वागणारी ही पोर स्वकष्टाने वर येत नाही. लहानपणी पळवून नेलेली ही श्रीमंत घरची लेक शेवटी आईला सापडते. मुलाने मिळवायचे आणि मुलीने सापडायचे, अशी ही वाटणी.

शिक्षणाला या कथेत शिडीचे स्थान मिळाले ते मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचे पहिले चिटणीस होरेस मान यांच्यामुळे. १८४८ च्या अहवालात त्यांनी शिक्षणाला माणसामाणसांची स्थिती समान करणारी सर्वांत मोठी शक्ती म्हटले. ही शिडी सर्व गावांत उभी करणे परवडले, कारण शिक्षक म्हणून स्त्रिया नेमता आल्या: पुरुषाच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी पगारावर, आणि बालसंगोपन हा स्त्रीचा स्वभावधर्मच आहे या समर्थनासह. समतेचे यंत्र असे विषमतेच्या वंगणावर चालले.

मुली स्वतः ती शिडी चढू लागल्या तेव्हा दुसरे मिथक पुढे आले. हार्वर्डमध्ये पूर्वी प्राध्यापक असलेले बॉस्टनचे डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ मध्ये असे मांडले, की मुलांच्या बरोबरीने अभ्यास केल्यास वाढत्या वयातील मुलींची शक्ती मेंदूकडे वळते आणि जननेंद्रिये दुबळी राहतात. मूठभर रुग्णांच्या हकिकतींवर रचलेल्या या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. पदवीधर स्त्रियांच्या संघटनेने त्याला आकड्यांनीच उत्तर दिले: १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तरे देणाऱ्या ७०५ पदवीधर स्त्रियांपैकी तीनचतुर्थांशाहून अधिक जणींची प्रकृती चांगली असल्याचे दिसून आले.

नेमक्या याच वर्षांत आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होत्या. बहुतेक पुरुषी महाविद्यालयांचे दरवाजे बंद असल्यामुळेच १८५० मध्ये ही संस्था निघाली होती. मार्च १८८६ मधील त्यांच्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या मराठी ग्रंथात त्यांनी तेथील स्त्रियांच्या स्थितीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. अमेरिकेच्या यशकथेत स्त्रियांचे पान शोधणारी ही मराठीतील पहिलीच मोठी नोंद मानावी लागते.

‘अमेरिकन ड्रीम’ हा शब्द १९३१ मध्ये इतिहासकार जेम्स ट्रस्लो ॲडम्स यांनी लोकप्रिय केला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याला सरकारी पैसा मिळाला. १९४४ च्या ‘जीआय बिल’ या कायद्यामुळे सुमारे २२ लाख माजी सैनिक महाविद्यालयांत गेले. त्यांत स्त्रिया थोड्या होत्या आणि कृष्णवर्णीय सैनिकांची, विशेषतः दक्षिणेत, जागोजागी अडवणूक झाली. पदवी घेणाऱ्यांमध्ये १९४० मध्ये स्त्रिया चाळीस टक्क्यांहून अधिक होत्या. १९५० मध्ये त्या २४ टक्क्यांवर आल्या. टंकलेखन किंवा शिकवण्या करून नवऱ्याचे शिक्षण पुरे करणाऱ्या बायकांना काही महाविद्यालये ‘पीएचटी’, म्हणजे ‘पुटिंग हजबंड थ्रू’, अशी नावापुरती पदवी देत. कौतुकाने दिलेला हा कागद या विषयावरील बहुधा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज आहे.

१९७२ च्या ‘टायटल नाइन’ या तरतुदीने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई झाली. तिच्यामागे असलेल्या अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, सदस्य पॅट्सी मिंक यांना तरुणपणी वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रवेश नाकारला होता. १९८० च्या दशकापासून बॅचलर पदवी घेणाऱ्यांत स्त्रियांचे बहुमत आहे आणि अलीकडे त्यांचे प्रमाण ५८ टक्क्यांच्या आसपास आहे. तरीही वर्षभर पूर्णवेळ काम करणाऱ्या स्त्रियांची मध्यम कमाई २०२३ मध्ये पुरुषांच्या डॉलरमागे सुमारे ८३ सेंट होती. शिडीचा वरचा भागही आखडला आहे: १९४० मध्ये जन्मलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोकांनी आईवडिलांपेक्षा जास्त कमावले, तर १९८० च्या सुमारास जन्मलेल्यांपैकी निम्म्यांनीच.

मिथकाची ताजी आवृत्ती म्हणजे शिक्षण अर्धवट सोडून अब्जाधीश झालेला संगणकवीर, आणि तिचे ठरलेले उदाहरण म्हणजे हार्वर्ड सोडणारे बिल गेट्स. ते तेरा वर्षांचे असताना, १९६८ मध्ये, सिॲटलच्या लेकसाइड या खासगी शाळेत दूरमुद्रक (टेलिटाइप) आला आणि त्यावरून बाहेरच्या संगणकावर काम करण्याचा वेळही विकत घेण्यात आला. देशातील फार थोड्या शाळांना तेव्हा हे साधले होते. त्यासाठीचे पैसे विद्यार्थ्यांच्या आयांच्या मंडळाने घरातल्या जुन्या वस्तूंची विक्री भरवून उभे केले होते. त्या वेळी ती शाळा फक्त मुलग्यांची होती.