कालचिकित्सा (मनोविकारांतील)

झोप आणि शरीराची सुमारे २४ तासांची जैविक लय यांविषयीच्या ज्ञानाच्या आधारे मनोविकारांवर केल्या जाणाऱ्या उपचारांना कालचिकित्सा म्हणतात. प्रकाश, अंधार, झोपेची वेळ, हेतुपूर्वक घडवलेले जागरण आणि दिनक्रमाची शिस्त ही या उपचारांची साधने असून ती बहुधा औषधे व मानसोपचार यांच्या जोडीने वापरली जातात. नैराश्य आणि द्विध्रुवी विकार, म्हणजे ज्यात उन्माद व नैराश्य यांचे झटके येतात तो विकार, यांच्या बाबतीत त्यांचा सर्वाधिक अभ्यास झाला आहे.

मनोरुग्णाची झोप बिघडते हे पूर्वापार ठाऊक होते; मात्र ते आजाराचे केवळ लक्षण मानले जाई आणि मूळ आजार हटला की झोप आपोआप येईल, अशी समजूत असे. अमेरिकेतील ७,९५४ व्यक्तींच्या पाहणीवर आधारित आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फोर्ड व कॅमेरॉव यांच्या अभ्यासाने या समजुतीला धक्का दिला. वर्षाच्या अंतराने घेतलेल्या दोन्ही मुलाखतींत ज्यांना निद्रानाश असल्याचे आढळले, त्यांना नव्याने नैराश्य जडण्याचा धोका इतरांहून बराच अधिक होता. बिघडलेली झोप आजाराच्या आधी येऊ शकते आणि तो पोसूही शकते, हे मान्य झाल्यावर तिच्यावरच थेट उपचार करण्याला अर्थ आला.

शरीराचे मुख्य घड्याळ मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील सुप्राकायझमॅटिक केंद्रकात असते. त्यात सुमारे २०,००० चेतापेशी असतात. बाहेरच्या वेळेचा काहीच सुगावा नसताना माणसाचे हे घड्याळ सरासरी २४ तासांहून थोडे अधिक घेते, म्हणून ते रोज प्रकाशाने जुळवून घ्यावे लागते. हे काम डोळ्यांच्या दृष्टिपटलातील मेलॅनोप्सिन हे प्रकाशसंवेदी द्रव्य असलेल्या पेशी करतात; त्या आकृती पाहण्यासाठी नसून प्रकाशाची मात्रा मोजण्यासाठी आहेत आणि निळसर प्रकाशाला विशेष संवेदनशील असतात. सकाळचा प्रकाश घड्याळ पुढे सरकवतो, रात्रीचा प्रकाश मागे ढकलतो आणि अंधारात स्रवणारे मेलाटोनिन हे संप्रेरक दाबून टाकतो. झोप केवळ या घड्याळावर अवलंबून नसते. जागेपणी तासागणिक साचत जाणारा झोपेचा दाबही तितकाच महत्त्वाचा असतो. या दोन प्रक्रियांची मांडणी अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये केली आणि पुढील बहुतेक उपचार तिच्या आधारे समजावून सांगितले जातात.

या उपचारांपैकी सर्वांत चमत्कारिक वाटणारा उपचार म्हणजे जागरण. जर्मनीतील ट्यूबिंगन येथे वाल्टर शुल्टे यांनी नैराश्याच्या काही रुग्णांचे अनुभव नोंदवले होते. रात्रभर जागे राहिल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांना अचानक हलके वाटत असे. त्यावरून प्फ्लूग आणि ट्योल्ले यांनी पद्धतशीर प्रयोग करून १९७१ मध्ये ते प्रसिद्ध केले. रुग्णाला एक पूर्ण रात्र आणि त्यापुढचा दिवस मिळून सुमारे ३६ तास जागे ठेवले, तर जवळपास निम्म्या रुग्णांचे नैराश्य काही तासांतच उतरते. औषधांना परिणाम दाखवण्यासाठी आठवडे लागतात, हे लक्षात घेता ही गती विलक्षण आहे. अडचण अशी, की पहिल्या गाढ झोपेनंतर, कधी तर दुपारच्या डुलकीनंतरही, बहुतेकांचे नैराश्य परत येते. म्हणूनच हा उपचार बराच काळ कुतूहलापुरताच राहिला.

मिलानमधील सान राफाएले रुग्णालयातील फ्रांचेस्को बेनेदेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागरणाला लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध आणि सकाळचा तीव्र प्रकाश यांची जोड देऊन परिणाम टिकवता येतो, हे दाखवले. दुसऱ्या एका पद्धतीत जागरणानंतरच्या तीन दिवसांत झोपेची वेळ संध्याकाळी ६ ते रात्री १, मग रात्री ८ ते ३ आणि शेवटी १० ते ५ अशी टप्प्याटप्प्याने नेहमीच्या वेळेवर आणली जाते. मराठीत जागरण म्हटले की कोजागरी किंवा खंडोबाचे जागरण आठवते. पण हा उपचार घरी करून पाहण्याचा नाही. द्विध्रुवी विकारात झोप तुटणे हे उन्मादाला निमंत्रण ठरू शकते, आणि अपस्माराच्या रुग्णाला त्याने झटका येऊ शकतो. याच कारणाने द्विध्रुवी विकार असलेल्यांना लग्नघरातली जागरणे आणि फिरती रात्रपाळी टाळण्याचा सल्ला दिला जातो.

प्रकाशोपचाराची सुरुवात ऋतुजन्य नैराश्यापासून झाली. तीव्र प्रकाशाने माणसातील मेलाटोनिन दाबले जाते, हे आल्फ्रेड लुई यांनी १९८० मध्ये दाखवले आणि १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थाल यांनी हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्याचे वर्णन केले. उठल्यानंतर लवकरच १०,००० लक्स (लक्स हे प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक) प्रकाशाच्या दिव्यासमोर अर्धा तास बसणे, ही नेहमीची मात्रा होय. मुंबईत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात सव्वादोन तासांच्या आसपासच फरक पडतो, त्यामुळे हा विकार येथे उत्तर युरोपाइतका ठळक असण्याचे कारण नाही. तथापि इतर नैराश्यातही प्रकाशाचा उपयोग होतो, आणि दिवसभर बंद कार्यालयात ३०० ते ५०० लक्समध्ये बसणाऱ्याला बाहेरच्या उन्हाचा फायदा मिळत नाही. उलट बाजूने, उन्मादाच्या रुग्णांनी संध्याकाळी ६ ते सकाळी ८ या वेळेत निळा प्रकाश अडवणारा नारिंगी चष्मा वापरल्यास औषधांच्या जोडीने उन्माद लवकर उतरतो, असे नॉर्वेतील २०१६ सालच्या एका लहान चाचणीत दिसले.

दिनक्रमावरील उपचार पिट्सबर्ग विद्यापीठातील एलन फ्रँक यांनी विकसित केला. उठणे, दिवसातील पहिली व्यक्ती भेटणे, कामाला लागणे, रात्रीचे जेवण आणि अंथरुणावर जाणे या पाच गोष्टींच्या वेळा रुग्ण रोज नोंदवतो आणि त्या स्थिर करतो. सोबत नातेसंबंधांतील ताणांवर समुपदेशन चालते. दीर्घकालीन निद्रानाशासाठी बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे झोपेविषयीचे विचार व सवयी बदलण्याचा मानसोपचार, हा पहिला उपचार असावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली. त्यातील अंथरुणावरचा वेळ कमी करण्याची पायरी मात्र द्विध्रुवी रुग्णांत सौम्य करावी लागते. ब्रिटनमधील २६ विद्यापीठांच्या ३,७५५ विद्यार्थ्यांच्या चाचणीत डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने सुमारे निम्म्या जणांना हा वर्तनोपचार संगणकाद्वारे दिला, तेव्हा त्यांची झोप सुधारलीच, शिवाय संशयीपणा आणि भासही कमी झाले. झोप हे या लक्षणांमागील एक कारण आहे, या मताला २०१७ च्या त्या चाचणीने मोठे बळ दिले.

रुग्णालयाची इमारतदेखील उपचाराचा भाग ठरू शकते. मिलानमध्येच केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, द्विध्रुवी नैराश्याचे जे रुग्ण पूर्वेकडील, सकाळचे ऊन येणाऱ्या खोल्यांत होते, त्यांचा मुक्काम पश्चिमेकडील खोल्यांतील रुग्णांपेक्षा सरासरी ३.६७ दिवसांनी कमी होता. या खोल्यांचे वाटप उपचार म्हणून केलेले नव्हते. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइमच्या सेंट ओलाव्ह्स रुग्णालयात तर तीव्र मनोविकारांचा कक्ष बांधतानाच त्याच्या एका भागात अशी दिव्यांची सोय केली गेली, की संध्याकाळ झाल्यावर तेथील प्रकाशातला निळा अंश निघून जातो. मात्र बहुतेक रुग्णालयांत आजही मध्यरात्रीच्या फेरीसाठी दिवे लावले जातात, आणि उन्मादाच्या रुग्णाला ज्या अंधाराची सर्वाधिक गरज असते, तोच त्याला तेथे मिळत नाही.